यादीतला सात नंबर

"माझ्या मांडवात एकाची पण कंबर जागची हलणार नाय. हलली तर मला गोपीनाथ म्हणू नका."

हे वाक्य गोपीनाथने देवळासमोर, गावकीच्या भर बैठकीत, माईकशिवाय म्हटलं. माईकची त्याला कधी गरजच पडलेली नाही. मानपाड्याच्या नाक्यावर त्याने एका रिक्षाला हाक मारली की चार थांबायच्या, त्यातल्या दोन भरलेल्या. गोपीनाथ बावन्न वर्षांचा. आजा मिठागरात राबला, बाप भातशेतीत राबला, आणि गोपीनाथ त्या शेतीवर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगी बघत खुर्चीत बसलेला. त्यामुळे गावाला शिस्त लावायला त्याच्याकडे वेळच वेळ होता.

आता ही कंबर कुठून आली ते सांगतो.

गोपीनाथच्या पोरीचं, दर्शनाचं, लग्न ठरलेलं ठाण्याच्या देवेशशी. पोरगा गुणी, नोकरीला. फक्त त्याचा बाप पोपट गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक, पांढराशुभ्र सदरा, आणि चेहरा असा की समोरच्याला वाटावं आपला गृहपाठ राहिलाय. हे गुरुजी गेल्या महिन्यात आमच्या गावात कुणाच्या तरी हळदीला आलेले. तिथे कॉलेज संपवून कामाला लागलेली पोरं-पोरी नाचत होती. नाचत होती म्हणजे काय, फोनमध्ये बघतात तसं. एक जण जमिनीवर लोळत होता, दुसरा त्याच्यावरून लाटेसारखा जात होता, आणि बाकीच्यांचं असं चाललेलं की कुणाचं तरी कानातलं हरवलंय आणि सगळे मिळून ते कमरेने शोधतायत.

गुरुजी ताटावरून उठले. ताटात मटण तसंच. आगऱ्यांच्या हळदीतून मटण न खाता उठलेला माणूस गावाने पहिल्यांदा बघितला. दोन म्हाताऱ्यांनी तर त्यांची तब्येत विचारली.

दुसऱ्या दिवशी गोपीनाथला फोन. "गोपीनाथराव, देवेशची उष्टी हळद घेऊन मी स्वतः येणार. तुमच्या मांडवात असला एक जरी प्रकार दिसला, तर हळदीचं ताट तसंच परत नेईन. पुढचं तुम्ही समजा."

पुढचं समजण्यासारखंच होतं. नवऱ्याची उष्टी हळद नवरीला लागली नाही तर लग्न कसलं लागतंय? गोपीनाथने तीन दिवसांत गावकी बसवली.

"बंदी घाला," तो म्हणाला. "आणि ज्याच्या मांडवात असला नाच होईल, त्याला गावकीची भांडी बंद."

बैठक हादरली. गावकीची भांडी म्हणजे साधी गोष्ट नाही. तीन पिढ्यांचे टोप, पराती, झारे, देवळामागच्या खोलीत कुलपात. एकेका टोपात माणूस मांडी घालून बसेल. भाड्याच्या भांड्यांत रांधलेल्या लग्नात लोक जेवतात हो, पण पुढची दहा वर्षं त्यावर बोलतात.

"पण अश्लील म्हणजे नक्की काय?" मागून आवाज आला. ही गोपीनाथची पुतणी अक्षदा. ठाण्याला वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला. ज्या घरात वकिलीचं पोर आहे त्या घरात साधा चहा पण पुराव्यानिशी प्यावा लागतो.

"अगं, बघितल्यावर कळतं ते."

"बघितल्यावर कळतं असा नियम नसतो, काका. लिहून द्या. नुसतं 'कंबर हलवू नये' लिहाल तर उद्या पाट्यावर वाटण पण बंद."

"होऊ दे बंद," बायकांच्या बाजूने सगुणा म्हणाली. सगुणा म्हणजे गोपीनाथची बायको. बायका हसल्या. गोपीनाथ नाही हसला.

"देतो लिहून. एकेक प्रकार, नंबर घालून. आणि लक्ष ठेवायला तूच बस. वही घे, शिट्टी घे. नंबर दिसला की शिट्टी मार आणि लिही. घरचा असो, बाहेरचा असो, कुणाला सोडायचं नाय."

"कुणालाच नाय?"

"साक्षात मी असलो तरी नाय."

"लिहिते," अक्षदा म्हणाली, आणि तिने खरंच लिहिलं.

मग गोपीनाथचा अभ्यास सुरू झाला.

यादी करायची तर माल बघायला पाहिजे. तो पुरवायला गुरुजी तयारच होते. रोज सकाळी सहाला त्यांचा पहिला व्हिडिओ यायचा, आंघोळीनंतर दुसरा, जेवणानंतर चार. प्रत्येकाखाली एकच वाक्य : 'समाज कुठे चालला आहे? शेवटपर्यंत पाहा.' गोपीनाथ शेवटपर्यंत बघायचा. कधीकधी नीट कळलं नाही म्हणून परत बघायचा. आणि फोन काय, त्याला कुठे ठाऊक की हा माणूस निषेध म्हणून बघतोय. फोनला वाटलं काकांना आवडतंय. तिसऱ्या दिवशी भाव बघायला बाजार समितीचं पान उघडलं तर कांद्याच्या आधी एक बाई कंबर फिरवून गेली.

"काय बघताव ओ?" सगुणाने पाठीमागून विचारलं.

"अभ्यास."

"मग इतका आवाज बारीक करून?"

"तुला त्रास नको म्हणून."

"मना कसला त्रास? पाय तुमचे हलतायत."

गोपीनाथने खाली बघितलं. खरंच हलत होते.

आठ दिवसांत यादी झाली. अकरा कलमं. नावं त्याची त्यानेच ठेवलेली, कारण खरी नावं इंग्रजीत आणि त्याला ती म्हणवत नव्हती. चार नंबर, चक्की : कंबर जागच्या जागी गोल फिरवणे. नऊ नंबर, शॉक : विजेची तार लागल्यासारखे खांदे उडवणे. अकरा नंबर, कैरी : आंबट खाल्ल्यासारखा डोळा बारीक करून खालचा ओठ दाताखाली धरणे. आणि सगळ्यांत घातक म्हणजे सात नंबर, भरती. गुडघ्यांत पूर्ण खाली बसायचं, आणि पायाच्या अंगठ्यापासून लाट सोडायची ती मांड्या, कंबर, छाती, मान करत थेट डोक्यातून बाहेर काढायची. खाडीकाठच्या माणसालाच सुचेल असं नाव. यादीचा बॅनर छापून मांडवाच्या तोंडाशी लागला. लोक सेल्फी काढायला लागले.

इथपर्यंत ठीक होतं. पण डोळ्यांनी आत गेलेलं अंगात मुरतं, हे गोपीनाथला कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी दात घासताना ब्रश जागेवर राहायचा आणि कंबर घासायची. ठाण्याला कोर्टात जमिनीच्या तारखेला गेला, तिथे पुकारा व्हायची वाट बघता बघता खुर्चीत चक्की सुरू. शेजारची बाई पर्स सावरून तिसऱ्या खुर्चीवर गेली. खरा कहर दहाव्याला झाला. गावातल्या एका म्हाताऱ्याचं पिंडदान, सगळे खाडीवर उभे, कावळा अर्धा तास झाडावरून उतरेना. शेवटी उतरला, पिंडाकडे दोन उड्या मारल्या, आणि तेवढ्यात गोपीनाथच्या खांद्यांनी आपणहून नऊ नंबर मारला. कावळा उडाला तो थेट दिवा स्टेशनच्या दिशेने. म्हाताऱ्याची काय इच्छा राहिली यावर घरच्यांत अजून वाद चालू आहे.

गोपीनाथ बेचैन झाला. बसवेना, उभं राहवेना. रिक्षातलं गाणं कानावर आलं की बोटं वळायची. हळदीच्या आदल्या दिवशी तर त्याने स्वतःचे दोन्ही हात मागे धरून मांडवात फेऱ्या मारल्या. लोक म्हणाले, पोरीचा बाप आहे, काळजी असणारच.

हळद उजेडातच व्हायला पाहिजे ही पण गुरुजींची अट. म्हणून दुपारी चारला मांडव भरला. मागे गावकीच्या टोपांत मटण रटरटतंय, समोर बेंजो पार्टी, मध्ये पाटावर पिवळ्या साडीत दर्शना. लग्नाची गाणी, म्हणजे धवले, गायला गोदूबाई. गोदूबाई आमच्या गावची धवलारीण, वय ऐंशीच्या पुढे. तिने गायल्याशिवाय इथे नवरीला हळद लागत नाही, आणि ती गायला लागली की कुणाची बोलायची छाती नाही.

ठाण्याहून टेम्पो आला. चार बायका आणि पोपट गुरुजी उतरले. उष्ट्या हळदीचं ताट गुरुजींनी कुणाकडे दिलं नाही. पुढच्या खुर्चीत बसले, ताट मांडीवर ठेवलं, वर रुमाल, रुमालावर दोन्ही हात.

"आधी कार्यक्रम पाहतो," ते म्हणाले. "मग ताट."

"बघा की," गोपीनाथ म्हणाला. "आमची पोरं म्हणजे... मितेश, चालू कर."

मितेश गोपीनाथचा मोठा पोरगा, चोवीस वर्षांचा. बापाने यादी लावली त्या दिवशी तो इतकंच म्हणालेला, "पप्पा, तुम्ही लिहिलंय तसंच करणार आपण. एक इंच इकडेतिकडे नाय."

आणि बेंजो सुरू झाल्यावर तीस पोरं-पोरी मांडवात आली, एक हाताचं अंतर घेऊन रांगेत उभी राहिली, आणि उजवा हात वर, खाली, डावा हात वर, खाली. कंबर जागच्या जागी. चेहरे सरळ. बेंजोवाला गडबडला. त्याने चाल वाढवली, तर पोरांनी हात थोडे लवकर वरखाली केले. इतकंच. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी हळूच विचारलं, घरात कुणी आजारी आहे का.

दर्शनाने बापाला खुणेने बोलावलं. "पप्पा, हे काय आहे?"

"नाचतायत की."

"ही रेशनची लाईन आहे, पप्पा. माझी हळद आहे. माझ्या हळदीला कोणीच नाचणार नाय का?" तिने नाक ओढलं. अजून हळद लागलेली नव्हती, पण डोळे लाल झालेले.

गोपीनाथने मितेशला बाजूला घेतलं. "अरे, जरा नीट नाचा ना."

"नीट म्हणजे कुठला नंबर, पप्पा?"

तेवढ्यात गोदूबाईने गाणं मध्येच थांबवलं. बेंजो आपोआप थांबला.

"गोपी," ती म्हणाली, "मयत झालंय काय र तुजे घरान?"

"नाय आई, ते नियम..."

"हलद हाय का शाला हाय? मी नाय गानार. गानारच नाय. कोन नाचत नाय तं तू नाच. पोर तुजी हाय."

"मी?"

"बाप नाय नाचाचा तं मंग कोन, तो रुमालवाला?"

गुरुजींनी ताट अजून घट्ट धरलं.

आता गोपीनाथचं बघा. एका बाजूला पोरगी रडवेली, दुसऱ्या बाजूला गोदूबाई रुसलेली, समोर ताट गुरुजींच्या मांडीवर. आणि आत दहा दिवसांची कोंडलेली बेचैनी. त्याने मनाशी ठरवलं, आपण नाचायचं, पण बापजाद्यांसारखं. दोन पावलं पुढे, दोन मागे, हात कोपरापर्यंत. त्यात कसला नंबर?

बेंजो वाजला. दोन पुढे, दोन मागे. सगुणा हसली. दर्शनाने डोळे पुसले. गुरुजींनी पण मान डोलावली. गोपीनाथला हुरूप आला, त्याने डोळे मिटले, आणि इथेच चुकला. डोळे मिटले की आतलं दिसायला लागतं.

तिसऱ्या फेरीला चक्की सुरू झाली.

फुर्रर्र. अक्षदाची शिट्टी. "काका, चार."

आता शिट्टी ही सूचना आहे हे ठरवलेलं कुणी? गोपीनाथनेच. पण गावात जन्म गेला त्याचा. हळदीत शिट्टी वाजली की माणूस थांबत नाही, चढतो. त्याला वाटलं लोकांना आवडतंय. चक्की दुप्पट झाली.

फुर्रर्र. "काका, नऊ."

खांदे असे उडाले की टोपी बेंजोवाल्याच्या झांजेवर पडली. बेंजोवाल्याला इतक्या वेळाने एक गिऱ्हाईक मिळालेलं, त्याने जीव ओतला. मागून पोरांनी एकदम शिट्ट्या घातल्या. गोपीनाथ तर आता मांडवात नव्हताच. तो फोनच्या आत होता.

"काका, परत चार. काका, दोन. काका, जरा हळू, लिहिता येत नाय."

आणि मग तो गुडघ्यांत खाली बसला. पूर्ण. मितेश म्हणाला, "नाय, नाय, नाय, पप्पा, सात नको." पण भरती कुणाच्या सांगण्याने थांबते? लाट अंगठ्यातून निघाली, गुडघ्यांत कट्ट वाजली, पोटावरून जाताना जरा वेळ लागला, कारण तिथे रस्ता मोठा होता, छातीवर आली, मानेतून वर सरकली, आणि डोक्यातून बाहेर पडली तेव्हा गोपीनाथने डोळे उघडले. बेंजो नेमका थांबला. समोर हातभर अंतरावर पोपट गुरुजी. आणि गोपीनाथच्या तोंडावर, खालचा ओठ दाताखाली, एक डोळा बारीक.

"अकरा," अक्षदाने हळू आवाजात सांगितलं. शिट्टी मारायची तिला पण हिंमत झाली नाही.

गुरुजी उठले. "चला," ते ठाण्याच्या बायकांना म्हणाले. "ताट परत."

बायका हलल्या नाहीत. त्यांना मटणाचा वास आलेला.

"गुरुजी, पाया पडतो," गोपीनाथ खरंच वाकला, आणि वाकता वाकता परत सातची लाट येतेय असं वाटून घाबरून सरळ झाला. "पोरीचा काय दोष? मी... मला काय झालं मलाच ठाऊक नाय."

दुसरीकडून दगडू आला. दगडूकडे भांड्यांच्या खोलीची चावी. माणूस सरळ, नियम म्हणजे नियम. त्याच्यामागे चार जण हातात फडकी घेऊन. "गोपीशेट, वाईट वाटतंय," दगडू म्हणाला, "पण टोप उचलाय लागतील. तुमीच बोललेले."

"अरे, त्यात मटण आहे."

"मटण काढून घ्या."

"कशात काढू? सगळी भांडी तुमचीच."

दगडूने विचार केला. ही अडचण यादीत नव्हती. चौघांनी टोपाला हात घातला, टोप तापलेला, फडकी जळाली, एकाने बोंब मारली, दर्शना आता उघड उघड रडायला लागली, आणि गुरुजी ताट घेऊन टेम्पोच्या दिशेने दोन पावलं चाललेले, तेवढ्यात गोदूबाई काठी टेकत उठली.

ती आधी गुरुजींपुढे गेली. रुमाल उचलला, ताट काढून घेतलं. शाळेतल्या पोराच्या हातातून गोट्या घ्याव्यात इतकं सहज.

"अहो, ते माझं..."

"तुजा? हलद पोराची, लागाची पोरीला. तू नुसता टेम्पो." मग ती दगडूकडे वळली. "टोप नाचला काय र?"

"नाय, आई."

"पोर नाचली? पोरा नाचली?"

"नाय. गोपीशेट नाचले."

"मंग टोपाला कशाला नेताव? जो नाचला त्याला न्या."

दगडूने अक्षदाकडे बघितलं. अक्षदाने वहीची तीन पानं उलटली, परत सुलटली. "मला तरी यात काय चूक दिसत नाय," ती म्हणाली.

असा गोपीनाथ स्वतःच्या पोरीच्या हळदीतून उचलला गेला. टोप उचलायला आलेले तेच चौघे, तीच जळकी फडकी. देवळामागच्या भांड्यांच्या रिकाम्या खोलीत त्याला नेऊन बसवलं आणि बाहेरून कडी लावली. मांडवात गोदूबाईने पुन्हा धवला धरला, दर्शनाला उष्टी हळद लागली, आणि मितेश ओरडला, "बॅनर काढा रे." त्यानंतर जो बेंजो वाजला तो खोलीत बसून गोपीनाथने ऐकला. पोरगी हसतेय हे पण त्याला ऐकू आलं. दर्शनाचं हसणं तो गर्दीतून पण ओळखायचा. डोळे पाणावले. पाय हलत होते.

थोड्या वेळाने कडी वाजली. पोपट गुरुजी आत आले.

"त्यांना चार शब्द सुनावून येतो, असं सांगून आलोय," ते म्हणाले आणि दार लोटून घेतलं.

"सुनावा, गुरुजी. माझी चूक आहे."

गुरुजींनी सदरा सावरला. खिडकीतून बाहेर बघितलं. घसा साफ केला. बाहेर बेंजो चढत होता. गुरुजींच्या सदऱ्यावर, मांडीपाशी, गोल पिवळा डाग पडलेला. ताट सारखं हललं नसतं तर हळद सांडली नसती, हे गोपीनाथच्या आत्ता लक्षात आलं.

"गोपीनाथराव," गुरुजी आवाज खाली आणून म्हणाले, "तो सात नंबर."

"माफ करा, गुरुजी."

"तसं नव्हे. तुमची लाट गुडघ्यातून पुढे जाते. माझी तिथेच अडकते. घरी चार महिने करतोय, बाथरूममध्ये. जागा कमी पडते. पण मुळात डावा पाय आधी की उजवा?"

गोपीनाथने त्यांच्याकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं. मग उठला.

"डावा," तो म्हणाला. "आणि श्वास रोखायचा नाय. बसा खाली. पूर्ण."

अर्ध्या तासाने अक्षदा दोन ताटं घेऊन आली. भात, मटण, वर कांदा. ताटं सांभाळत तिने खांद्याने दार ढकललं आणि तशीच उभी राहिली.

भिंतीला धरून तिचा काका खाली बसलेला. आणि खोलीच्या मध्यभागी, सदऱ्याच्या बाह्या वर सारून, ठाण्याचे निवृत्त मुख्याध्यापक पोपट गुरुजी सात नंबरातून वर येता येता मध्येच चार नंबरात शिरले, तिथून निघताना नऊ लागला, आणि शेवटी एका पायावर असं काहीतरी झालं जे गोपीनाथने आठ दिवसांच्या अभ्यासात कुठेच बघितलं नव्हतं.

अक्षदाने ताटं खाली ठेवली. काखेतली वही काढली, पेनचं टोपण उघडलं.

"गुरुजी," ती म्हणाली, "हा यादीत नाय. बारावा म्हणून तुमच्या नावाने घालू?"

गुरुजी एका पायावरच थांबले. "घाल," ते म्हणाले. "पण आधी भिंतीला धरू दे."